काकांच्या डायरीतली एक ओळ आणि सात जणांच्या सह्या

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज विषय वेगळा आहे. "शुभ बोल नाऱ्या" म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं, राग नाही.

माझे मोठे काका गेल्या वर्षी पौषात गेले, वय ७४. मूलबाळ नाही. डोंबिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी १९८८ साली पीएफमधून पैसे काढून घेतलेला, एकट्याच्या नावावर. सोसायटीत नॉमिनी काकी, बँकेत नॉमिनी काकी. दहाव्याला जमलेले सगळे म्हणत होते की चला, निदान ती तरी काळजी नाही.

आता काकींना गुडघ्यांमुळे तिसरा मजला झेपत नाही, लिफ्ट नाही. फ्लॅट विकून नाशिकला बहिणीजवळ जायचं ठरलं. गिऱ्हाईकही मिळालं. पण त्याच्या कर्जाच्या बँकेच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: "गृहस्थ वारले तेव्हा त्यांची आई हयात होती का?"

होती. आजी ९४ वर्षांची, चिंचवडला धाकट्या काकांकडे, अंथरुणाला खिळलेली. काका गेल्याचं आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. "अण्णा फोन करत नाही हल्ली" म्हणायची. आषाढात तीही गेली. तर वकिलाच्या म्हणण्यानुसार, जिला मुलगा गेल्याचं माहीत नव्हतं ती त्याच दिवशी त्याच्या निम्म्या फ्लॅटची मालकीण झाली होती, आणि ती गेल्यावर तो निम्मा हिस्सा तिच्या मुलानातवंडांत वाटला गेला. म्हणजे धाकटे काका, एक आत्या, माझे बाबा आधीच गेले म्हणून मी आणि माझा भाऊ, दुसरी आत्या गेली म्हणून तिची तीन मुलं. एकूण सात. आतेभावंडांचा हिस्सा प्रत्येकी चोविसावा येतो! त्यातला एक कॅनडात, एक इंदूरला. इंदूरवाल्याच्या घराशी वीस वर्षांपूर्वी एका लग्नातल्या मानपानावरून बोलणं बंद आहे ते आहेच.

खरी चुटपूट पुढे आहे. कपाट आवरताना काकांची डायरी मिळाली. त्यात त्यांच्या सुबक अक्षरात: "माझ्या पश्चात माझे जे काही आहे ते सर्व सौ.चे." खाली सही, तारीख. साक्षीदार नाहीत. वकील म्हणाले हे मृत्युपत्र होत नाही. अहो, रोज संध्याकाळी इमारतीखाली पत्त्यांना बसणारे चौघे होते. त्यातल्या दोघांच्या सह्या घेतल्या असत्या तर आज काकी नाशिकला असत्या.

कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि सह्या गोळा कशा करायच्या तेही.

खटपट्या

वाचून धक्का बसला. पण एक कळलं नाही, नॉमिनी काकी आहेत ना? मग आजीचा संबंधच काय? आमच्या सोसायटीत तर नॉमिनीच्या नावावर सर्टिफिकेट सरळ होतं. सेक्रेटरी मीच आहे, म्हणून विचारतोय.

बारचा_वारकरी

पंचवीस वर्षं दिवाणी कोर्टात काळा कोट घालतोय, म्हणून जरा लांब लिहितो. सेक्रेटरीसाहेब, तुमच्याच प्रश्नापासून.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ज्याच्या हाती सोसायटीने किंवा बँकेने माल सोपवावा आणि स्वतः मोकळं व्हावं असा माणूस. तो पुढे खऱ्या वारसांना बांधील असतो. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८४ सालीच सांगितलं. (विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने नवरा-बायको, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर त्यांना हक्कदार धरतात, तो अपवाद.) शेअर्सबद्दल बरीच वर्षं उलटसुलट चाललं होतं, ते डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपवलं: तिथेही नॉमिनी मालक होत नाही. गंमत म्हणजे तो खटला आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर ज्यांची दिनदर्शिका लटकते त्या जयंतराव साळगावकरांच्या वारसांमधला. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला गृहनिर्माण संस्थांचं जे वेगळं प्रकरण आलं, त्यात नॉमिनीला "तात्पुरता सभासद" म्हटलंय. शब्द नीट वाचा, तात्पुरता. तुम्ही सर्टिफिकेटवर नाव चढवलंत तरी मालकी ठरत नाही.

आता आजी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुष मृत्युपत्राशिवाय वारला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई. वडील नाहीत त्यात, पण आई आहे. सगळ्यांना सारखा वाटा. मूल नसेल तर बायको आणि सासू अर्धी-अर्धी. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना हे माहीत नसतं आणि उरलेल्या दोघांना पटत नाही. आजीच्या मागे तो हिस्सा तिच्या मुलांकडे आणि आधीच गेलेल्या मुलांच्या मुलांकडे गेला. मेलेल्या मुलाच्या विधवेला, म्हणजे तुमच्या काकींना, त्या अर्ध्यातलं काहीच नाही. वकिलाचं गणित बरोबर आहे.

सह्यांचं म्हणाल तर सातही जणांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. साध्या ना-हरकत पत्रावर बँक ऐकणार नाही. मुद्रांक किती लागेल ते हक्कसोड कुणाच्या लाभात होतंय यावर ठरतं, तेव्हा मसुदा करण्याआधी मोजून घ्या. कॅनडावाल्याने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) साक्षांकित करून पाठवावं, इथे आल्यावर त्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्या. ही मुदत लोक हमखास विसरतात. इंदूरवाल्यासाठी कायद्यात कलम नाही.

सुगरणबाई

बारचे वारकरी, शेवटचं वाक्य :-)

आमच्याकडे विषय काढायचीच चोरी. सासूबाईंना एकदा जेवताना नुसतं विचारलं, "आई, तुम्ही कागदपत्रं कुठे ठेवलीत?" तर ताट बाजूला सारून म्हणाल्या, "एवढी घाई झालीय का?" त्यानंतर सहा महिने मी कपाटाजवळ गेले तरी त्यांची नजर माझ्यावर. सुनेने हा विषय काढूच नये, मुलाने काढावा. मुलगा काढत नाही हा भाग वेगळा.

निवृत्त_रोखपाल

माझं मृत्युपत्र मागच्या चैत्रात नोंदवलं, सातारा. विषय स्वतःहून काढला तर कुणी ताट सारत नाही, उलट मुलं घाबरून गप्प बसतात. प्रक्रिया लिहितो, कारण यावर फार भयंकर समज आहेत.

स्टँप पेपर लागत नाही. मुद्रांक शुल्क शून्य. साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं. मी टाइप करून घेतलं कारण अक्षर रोखपालाचं, आकडे सुंदर आणि शब्द भयाण. नोंदणी फी शंभर रुपये, वर पानामागे हाताळणी शुल्क. एजंटने माझ्याकडे चार हजार मागितले होते, मी म्हटलं बाबा, एवढं तर माझ्या मृत्युपत्रातही नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही साक्षीदार, सगळ्यांची ओळखपत्रं, फोटो. अंगठ्याचा ठसा यंत्राला लागेना. पन्नास वर्षं नोटा मोजून रेघा झिजल्या असाव्यात. ऑपरेटर पोरगी म्हणाली, "आजोबा, डोक्यावरून हात फिरवा आणि मग ठेवा." डोक्यावर केस नाहीत, पण तेलाचा अंश असतो म्हणे. चौथ्यांदा लागला. साहेबांनी फक्त दोन प्रश्न विचारले: वाचलंय का, आणि कुणाच्या दबावाखाली करताय का. बायको बाहेर बाकावर बसली होती, मी मोठ्याने "नाही" म्हणालो.

त्याच दिवशी मूळ कागद शिक्का मारून परत.

दोन गोष्टी केल्या त्या सुचवतो. आदल्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून मनाने शाबूत असल्याचा दाखला घेतला आणि डॉक्टरांनाच एक साक्षीदार केलं. आणि दुसरा साक्षीदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान निवडला. माझ्या एका मित्राने त्याच्याच वयाचे दोघे घेतले होते. तिघांत तोच शेवटी गेला.

खटपट्या

रोखपालसाहेब, दंडवत. वारकरीबुवा, समजलं. उद्याच कमिटीत मांडतो.

पण आता मुळावरच घाव घालतो. साध्या कागदावर चालतं, स्टँप नको, नोंदणी ऐच्छिक. मग नोंदणी करायचीच कशाला? आणि मी ऐकलंय की एकदा नोंदवलं की बदलता येत नाही.

बारचा_वारकरी

बदलता येत नाही हे साफ खोटं. हयात असेतोवर शंभरदा बदला. शेवटचं ते खरं. आधीचं नोंदवलेलं आणि नंतरचं बिननोंदणीचं असलं तरी नंतरचं चालतं, फक्त ते नीट सिद्ध झालं पाहिजे. किरकोळ बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करतात, त्यालाही तेच दोन साक्षीदारांचे नियम.

नोंदणी कशाला, याला उत्तर म्हणून एक प्रकरण सांगतो, नावगाव नाही. तीन भाऊ. वडिलांचं हाताने लिहिलेलं मृत्युपत्र, धाकट्याला घर. साक्षीदार दोन, दोघेही धाकट्याच्या दुकानातले नोकर. कागद सापडला धाकट्याच्याच कपाटात, वडील गेल्यावर चौदा महिन्यांनी. थोरल्याने सहीच नाकारली. हस्ताक्षरतज्ज्ञ आला, मग दुसऱ्या बाजूचा हस्ताक्षरतज्ज्ञ आला, दोघांचे अहवाल अर्थातच उलटे. अकरा वर्षं. मी धाकट्याचा वकील होतो आणि माझा अजूनही विश्वास आहे की कागद खरा होता. घर शेवटी तिघांनी मिळून बिल्डरला दिलं.

नोंदवलेलं असतं तर? नोंदणी म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हे आधी मान्य करा. नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही आव्हान देता येतं आणि ते सिद्ध करायला निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावंच लागतं. पण "सही बाबांची नाहीच" आणि "हा कागद नंतर बनवला" हे दोन हुकमी एक्के समोरच्याच्या हातून जातात. फोटो आहे, ठसा आहे, तारीख सरकारी आहे. शिवाय कागद हरवला, जळाला, कुणी फाडला तरी कार्यालयाच्या वही क्रमांक ३ मध्ये नक्कल राहते. ती वही हयातीत दुसऱ्या कुणालाही बघायला मिळत नाही. नक्कल मिळते ती फक्त करणाऱ्याला किंवा त्याने नेमलेल्या मुखत्याराला, आणि तो गेल्यावर मृत्यूचा दाखला दाखवणाऱ्याला. तेव्हा "नोंदवलं की गावभर होतं" हीही भीती नको. आजारी माणसासाठी कारण देऊन अर्ज केला तर निबंधक घरीही येतात.

आणि साक्षीदारांबद्दल: ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला साक्षीदार करू नका. ख्रिश्चन, पारशी यांच्या बाबतीत तर कायदाच साक्षीदाराला दिलेली देणगी बाद करतो. हिंदूंना ते कलम लागत नाही, पण संशयाला आमंत्रण कशाला? ज्याला काही मिळणार नाही तो साक्षीदार सोन्यासारखा.

मुलुंडचा_मुसाफिर

आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर? मुंबईत प्रोबेटशिवाय मृत्युपत्राला कोण विचारतं? आमच्या मामांच्या मागे दोन वर्षं उच्च न्यायालयाच्या खेपा घातल्यात.

बारचा_वारकरी

ती सक्ती मुंबई, कोलकाता, मद्रास या जुन्या प्रेसिडेन्सी शहरांपुरती होती, आणि धर्म बघून होती. डोंबिवली ठाणे जिल्ह्यात, तिथे नव्हतीच. ज्या कलमाने ती होती ते भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. सक्ती गेली, सोय राहिली. भाऊबंदकी दिसत असेल तर आजही प्रोबेट घ्यावं असंच मी सांगेन.

बांधावरचा_बाप्या

शेतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या वडिलांनी मृत्युपत्र केलं, नोंदवलं, सगळं रीतसर. मजकूर काय तर "विहिरीजवळचे वावर थोरल्यास, ओढ्याकडचे धाकट्यास." आता विहिरीच्या दोन्ही अंगाला आमचे वेगवेगळे गट आहेत. एक बागायत, एक माळ. आणि ओढा दोन्हीकडून जातो. वडलांच्या डोक्यात बरोबर होतं, गावात शेंबड्या पोरालाही कळतं विहिरीजवळचं म्हणजे कुठलं. पण मंडळ अधिकाऱ्याला गट नंबर, क्षेत्र, आकार पाहिजे. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांचा बदल, तक्रारीत गेला, प्रांत अधिकाऱ्यापर्यंत जाऊन आला. भाऊ आणि मी अजून एका ताटात जेवतो म्हणून निभावलं.

तेव्हा सातबारा समोर ठेवून लिहा. गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा. शहरवाल्यांनी सिटी सर्व्हे नंबर.

दुसरं. वडिलोपार्जित जमीन सगळीच्या सगळी मृत्युपत्राने एकाला देता येत नाही. स्वतःचा हिस्सा तेवढा देता येतो. २००५ पासून मुलीही जन्माने वाटेकरी आहेत आणि २०२० च्या निकालानंतर त्यात वाद उरला नाही. तरी आमच्याकडे दर पंचमीला माहेरी आलेल्या बहिणीकडून हक्कसोड करून घ्यायची टूम आहे. साडी द्यायची, जमीन घ्यायची. असो, तो वेगळा धागा होईल.

अबोली_डोंबिवली

बाप्या, काढाच तो धागा.

मांडवीकाठी

गोव्यातून. आमच्याकडे सगळंच वेगळं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा, आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात घातलाय. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना एकच. मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव, मृत्युपत्राने फक्त उरलेल्या निम्म्याचं काय ते ठरवा. "हा मुलगा मला बघत नाही, याला एक पैसा देणार नाही" असं रागाने म्हणून चालत नाही, त्याला कायद्यात दिलेलीच कारणं लागतात. लग्न झालं की नवराबायकोची मिळकत बहुधा सामाईक, त्यामुळे नवऱ्याला त्याच्या अर्ध्याबद्दलच बोलता येतं. आणि मृत्युपत्र घरी कागदावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन भागत नाही, विशेष नोटरीसमोर जावं लागतं. वर डोंबिवलीच्या काकांचं वाचून "मग मी पण डायरीत लिहून दोन सह्या घेतो" असं म्हणणारे गोंयकार असतील तर सावध.

दापोलीचा

आमच्या मुस्लिम कायद्यात वसियत फक्त एक तृतीयांशाची, बाकीचं ठरलेल्या वारसांना ठरलेल्या वाट्याने. आणि जो आधीच वारस आहे त्याला वसियतीने जास्तीचं द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते, तीही माणूस गेल्यावर दिलेली. अब्बांनी ते एक तृतीयांश गावच्या शाळेला दिलं, आम्ही भावंडांनी विचारलं पण नाही.

न्यूजर्सीत_अडकलेला

परदेशस्थांसाठी एक खड्डा दाखवतो, मी त्यात पडता पडता वाचलो. पुण्यातल्या फ्लॅटचं मृत्युपत्र मी २०१६ ला पुण्यातच नोंदवलं. २०२१ ला इथल्या वकिलाकडून इथलं केलं. इथल्या छापील मसुद्याची पहिलीच ओळ: याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. मी सही करायला पेन उचललं होतं. म्हणजे पुण्याचं गेलं असतं आणि मला कळलंही नसतं! दोन देशांत दोन करायची असतील तर प्रत्येकात लिहा की हे फक्त अमुक देशातल्या मिळकतीपुरतं आहे.

इथे राहून भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळू शकते. बाप्यांच्या विहिरीजवळच्या वावराकडे माझा डोळा नाही, काळजी नसावी.

सुगरणबाई

माझ्या ओळखीत एकांनी मृत्युपत्र केलं, नोंदवलं आणि कुठे ठेवलं? बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी नाही. बँक म्हणते वारस कोण ते दाखवा, घरचे म्हणतात ते आतल्या कागदात लिहिलंय. शेवटी नोंदणी कार्यालयातून नक्कल काढली. नोंदणीचा फायदा हा असाही.

आमच्या वडिलांनी मृत्युपत्राची झेरॉक्स देवघरात पोथ्यांखाली ठेवली होती. आईला सांगितलं होतं, आई विसरली. दोन वर्षांनी श्रावणात पोथी काढली तेव्हा मिळाली.

लिंबूटिंबू

माझ्याकडे एक दुचाकी आणि एक शैक्षणिक कर्ज आहे. मी मृत्युपत्र करावं का?

निवृत्त_रोखपाल

कर. कर्ज मित्रांना दे.

बारचा_वारकरी

मगाशी एक राहिलं, तेही अबोलीताईंसाठी. मसुद्यात लोक फ्लॅट, दागिने, ठेवी सगळं बारकाईने लिहितात आणि शेवटची ओळ विसरतात: "वर न लिहिलेली व यापुढे मला मिळणारी सर्व स्थावर-जंगम मिळकत अमुक यांना." ती नसेल तर जे लिहायचं राहिलं तेवढ्यापुरते तुम्ही मृत्युपत्राशिवायच गेलात असं होतं. मृत्युपत्र केल्यानंतर पाच वर्षांनी घेतलेली ठेव, भावाकडून आलेला वाटा, सगळं लटकतं. आणि अंमलबजावणी करणारा, ज्याला आम्ही एक्झिक्युटर म्हणतो, त्याचं नाव घाला. त्याला आधी विचारा, नंतर नाव घाला.

बक्षीसपत्राबद्दल कुणी विचारेलच म्हणून आधीच. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायला महाराष्ट्रात राहत्या घराला मुद्रांक फक्त दोनशे रुपये आहे, म्हणून हल्ली "मृत्युपत्र कशाला, आत्ताच देऊन टाका" असा सल्ला फार मिळतो. बक्षीसपत्राने मालकी आजच जाते. त्यानंतर वृद्धाश्रमाची चौकशी करायला माझ्याकडे आलेले चारजण मला तोंडपाठ आहेत. ज्येष्ठ नागरिक कायद्यात (२००७) सांभाळ न केल्यास असं दान रद्द करून मागता येतं, पण सत्तरीत न्यायाधिकरणाच्या पायऱ्या कोणी चढायच्या?

आता मुख्य. अबोलीताई, सह्या जमतील तेव्हा जमतील. पण काकींनी स्वतः मृत्युपत्र केलंय का?

अबोली_डोंबिवली

नाही. त्यांचा अर्धा हिस्सा तरी त्यांच्या नावावर नीट होऊ दे, मग बघू म्हणतायत.

बारचा_वारकरी

थांबू नका. अविभक्त हिस्सासुद्धा मृत्युपत्राने देता येतो, त्यासाठी बाकीच्यांच्या सह्या लागत नाहीत.

मूल नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली तर नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे आजच्या घडीला तुमचे धाकटे काका आणि आत्या. ती झाली फ्लॅटची गोष्ट. पण काकींची स्वतःच्या कमाईची ठेव असेल, स्वतःच्या पैशाने केलेलं सोनं असेल, तरी नवरा हयात नसताना पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा. बाईच्या सख्ख्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर, भावाबहिणींचा त्याच्याही नंतर. (फक्त माहेरून वारशाने आलेलं माहेरी परत जातं.) २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: लग्नानंतर काही महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी बाहेर काढली, माहेरी राहून शिकली, नोकरी केली, आयुष्यभर एकटीने कमावलं, मृत्युपत्र न करता गेली. तिची ठेव आणि भविष्यनिर्वाह निधी कुणाला? सासरकडच्यांना. न्यायालय म्हणालं, सहानुभूती आहे, पण कायदा हा असा आहे.

नाशिकच्या ज्या बहिणीकडे त्या जाणार आहेत, तिचं आज काकींच्या एका चमच्यावरही नाव नाही.

सुगरणबाई

हे वाचून मी भांडी तशीच टाकून उठले. वीस वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेली माझी ठेव आहे, आणि मला मुलगी आहे म्हणून वाचले असं समजायचं का? नाहीतर नवऱ्यामागे ती दिरांना? कागदावर का होईना, आज रात्रीच लिहिते.

खटपट्या

कमिटीत मांडलं. अकरापैकी नऊ जणांना "नॉमिनी म्हणजे मालक" असंच वाटत होतं, त्यात मी धरून दहा. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक ठेवलीय. चहा आहे म्हणून लोक येतील.

अबोली_डोंबिवली

महिन्याने लिहितेय. सहा सह्या झाल्या. कॅनडाचा कागद आला, मुद्रांक मुदतीत भरला. इंदूरला मी स्वतः गेले. आतेभावाने आधी अर्धा तास त्या लग्नात त्याच्या आईला पंगतीत कसं शेवटी बसवलं ते सांगितलं. मी ऐकून घेतलं, तेव्हा मी नववीत होते असं म्हटलं नाही. मग त्याच्या बायकोने पोहे दिले, आणि तो म्हणाला, "मामीसाठी करतो, तुमच्या घरासाठी नाही." पुढच्या आठवड्यात येऊन सही करणार आहे. तिकीट मी काढलंय.

आणि काकींनी मृत्युपत्र केलं. वारकरीबुवांचं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चमच्यावरही नाही?" दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून वकिलाची वेळ घेतली.

खरं सांगते, खोटं कशाला बोलू. गेली दहा वर्षं डॉक्टरला मी नेते, औषधं मी आणते, त्यामुळे मनात कुठेतरी होतं की आपलं नाव असेल. मसुदा त्यांनी मला दाखवला नाही. नोंदणीच्या दिवशी रिक्षात बसताना म्हणाल्या, "तुझं आधार कार्ड घेतलंस ना? साक्षीदार तू आहेस."

मी हो म्हटलं. रिक्षा पाटकर रोडच्या गर्दीत अडकली होती, बोलायला भरपूर वेळ होता, पण आम्ही दोघी नव्या फळवाल्याच्या आंब्यांच्या भावाबद्दल बोलत राहिलो.